कणगीतली ज्वारी आणि दाराआडची काठी

प्रश्न नवापूर तालुक्यातल्या एका तरुण ख्रिस्ती विश्वासी भावाचा आहे. घरात पाच माणसं: म्हातारे आईवडील, नवराबायको आणि एक शाळकरी मुलगा. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की तीन-चार दिवस रस्ता बंद, उन्हाळ्यात पाण्याची बोंब, विजेचा तर भरवसाच नाही. म्हणून महिनाभराचं धान्य-पाणी साठवावं असं त्याच्या मनात आहे. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे म्हणतात, "उद्याची चिंता करू नका असं प्रभूने सांगितलंय, साठा करणं म्हणजे अविश्वास." त्यात आसपास चोऱ्या वाढल्या आहेत. थोरल्या भावाने कुठून तरी तलवार आणून ठेवली आहे आणि कोणी काही बोललं की तो 'तलवार घ्या' असं सांगणाऱ्या लूकच्या 22 व्या अध्यायावर बोट ठेवतो. साठा करावा का, किती, शेजारी मागायला आला तर काय, आणि चोर आला तर हात उचलावा का, असं त्याने विचारलंय.

थोडक्यात सांगायचं तर साठा करा, तलवार घराबाहेर काढा, काठी राहू द्या. पण तिन्हींमागची कारणं नीट समजून घ्या, नाहीतर उद्या मंडळीत वाद झाला की तुम्ही गप्प बसाल.

मत्तयच्या 6 व्या अध्यायात मनाई आहे ती काळजीने पोखरून जाण्याला, पेरणी-कापणीला नाही. मान्नाची, म्हणजे रानात देवाने इस्राएलाला रोज दिलेल्या अन्नाची गोष्ट (निर्गम 16) वडीलधाऱ्यांना पुन्हा वाचायला सांगा. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले आणि वास सुटला, एवढंच सगळ्यांना आठवतं. त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशीही नासलं नाही. साठवणं हेच पाप असतं तर ही आज्ञाच नसती. योसेफाने सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला. अंत्युखियाच्या मंडळीला अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळाची सूचना दिली तेव्हा (प्रेषितांची कृत्ये 11) ते नुसते प्रार्थनेला बसले नाहीत, ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावांसाठी मदत काढली. आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौल काय म्हणतो ते 1 तीमथ्य 5:8 मध्ये आहे. ते शब्द मऊ नाहीत.

पण वडीलधाऱ्यांचं म्हणणं पार झटकूनही टाकू नका. लूक 12 मधला श्रीमंत मूर्ख ठरला तो कोठारं बांधली म्हणून नाही. त्याचं बोलणं ऐका: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य. त्या अख्ख्या हिशेबात दुसरं माणूसच नाही. नहेम्याच्या पुस्तकात तर हे फार झोंबेल असं मांडलंय. चौथ्या अध्यायात लोक एका हाताने यरुशलेमची भिंत बांधतात, दुसऱ्या हातात हत्यार धरतात. संरक्षणावर बोलताना सगळे हाच अध्याय काढतात. लगेच पुढचा, पाचवा, कोणी काढत नाही. त्यात तीच माणसं दुष्काळात धान्यासाठी शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकतायत, आणि धान्य देणारे त्यांचेच भाऊ आहेत. नहेम्या भिंतीइतकाच त्या सावकारांवर तुटून पडतो. आपल्याकडे सवाई-दिढीने, म्हणजे दिल्याच्या सव्वापट-दीडपट परत घेण्याच्या बोलीवर, ज्वारी देण्याचा प्रकार फार जुना आहे, तेव्हा हा अध्याय खानदेशात समजावून सांगावा लागू नये.

आता हिशेब. तुमच्या घराला दिवसाला साधारण दोन किलो धान्य लागेल, म्हणजे महिन्याला 60 किलो: ज्वारी 35, तांदूळ 15, गहू 10. डाळी 10 किलो (तूर 5, हरभरा 3, उडीद 2), तेल 4 लिटर, गूळ 3 किलो, शेंगदाणे 3 किलो, मीठ 2 किलो, तिखट एक किलो. यावर माणूस चवीने जेवत नाही, पण कामाला उभा राहतो. एकदम विकत घेऊ नका. चार महिने दर महिन्याला 15 किलो जादा भरा, आणि जुनं आधी खाऊन नवं मागे सारा. कणगी असो की पत्र्याची कोठी, भरल्याची तारीख खडूने लिहा.

धान्य बिघडतं ते बहुतेक वेळा ओलीमुळे. मे महिन्यातलं आपलं ऊन दोन-तीन दिवस द्या. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे; चिरडला तर अजून ओल आहे. मग इथेच बहुतेकांची चूक होते: उन्हातून उचललेलं गरम धान्य सरळ कोठीत ओततात. रात्री पत्रा थंड होतो, आतल्या वाफेचं झाकणाखाली पाणी होतं आणि वरच्या थराला बुरशी धरते. रात्रभर पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेला, कारण हिरव्या पाल्याने ओल वाढते. डाळींना किलोमागे चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, तेल चोळलं की भुंगेऱ्याला अंडी घालणं अवघड जातं. कोठी विटांवर, जमिनीपासून आणि भिंतीपासून हातभर अंतरावर. नाल्याकाठी घर असेल तर माळ्यावर. एक गोष्ट हात जोडून सांगतो: सेल्फॉसची गोळी राहत्या घरातल्या धान्यात घालू नका. तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, झोपेत माणसं जातात, आणि त्याच्यावर उतारा नाही.

पिठाचा साठा करू नका. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू होतं, ज्वारीचं त्याहून थोडं टिकतं. पण वीज गेली की गिरणीही बंद, म्हणून जातं खळ्यात पडलं असेल तर टाकी लावून, म्हणजे टाचून घेऊन, घरात आणा. दोन किलो दळायला तासभर घाम गाळावा लागतो. वरच्या यादीत तांदूळ 15 किलो ठेवला तो याचसाठी, त्याला दळण लागत नाही. बिबडे, कुरडया, वड्या आपल्या बायका दर उन्हाळ्यात घालतातच. पूर्वतयारी हा शब्द कोणी काढायच्या आधीपासून ही तयारी आपल्या गच्चीवर वाळत आलीय.

पाण्याला धान्याइतकाच, किंबहुना जास्त विचार द्या. पारा 45 च्या पुढे गेला की कष्टाच्या माणसाला पिण्यालाच पाच लिटर लागतात. स्वयंपाक आणि जेमतेम धुणी-भांडी धरून माणशी 15 लिटर, म्हणजे घराला रोज 75. दोनशे लिटरचे दोन ड्रम पाच दिवस पुरतात. निर्जंतुक करायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: पाच ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ 200 मिली पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये ओता, ढवळा, अर्धा तास थांबा. हलका वास यायला हवा. वासच नाही आला तर पुन्हा तेवढंच घाला. पुराचं गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात. उघडी टीसीएलची पिशवी आपल्या उन्हाळ्यात लवकर दम सोडते, तेव्हा थोडीथोडी घ्या. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडजवळ मुळीच ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. ड्रमला फडकं बांधा, आठवड्यातून एकदा कोरडा करा, नाहीतर डेंग्यूचे डास घरात पोसाल. जुलाबाला: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मिठाचं प्रमाण वाढू देऊ नका, लहान मुलाला ते घातक ठरतं.

हे सगळं गरजेचं आहे का, असं कोणी विचारलं तर चाळीसगावचं 2021 च्या ऑगस्टअखेरचं उदाहरण पुरे. रात्रीत तितूर आणि डोंगरी नद्या फुगल्या आणि सकाळी बाजारपेठेतच पाणी होतं. दुकानं बुडाली की पैसा खिशात असून धान्य मिळत नाही.

शेजारी दारात आला तर? साठ किलोने शंभर घरांचं गाव जगत नाही, हे कबूल करा. ऐनवेळी ठरवायला गेलात तर एकतर सगळं एका दिवसात वाटून मोकळे व्हाल, नाहीतर दार लावून घ्याल. म्हणून आधीच ठरवा. माझा सल्ला योसेफाच्याच मापाचा आहे: पाचवा हिस्सा, म्हणजे 12 किलो, वेगळ्या डब्यात. तो पहिल्या दिवसापासून आपला नाही असं समजून चला. त्यातून आधी बाळंतीण, तान्हं मूल, आजारी आणि एकटं म्हातारं माणूस. शक्यतो शिजवून द्या. सवाई नाही, दिढी नाही, आणि पिशवीत सुवार्तेचं पत्रकही नाही. भुकेल्या माणसाच्या हातात धान्यासोबत पत्रक गेलं की ते आमिष दिसतं, गावातही आणि कोर्टातही. चांगल्या शोमरोन्याने जखमीला त्याचा पंथ विचारला नव्हता. दहा कुमारींपैकी शहाण्यांनी तेल दिलं नाही हा दाखला कोणी ना कोणी देईलच. तो दृष्टान्त प्रभूच्या येण्याच्या तयारीचा आहे, रेशनचा नियम नव्हे. रेशनचा नियम हवा असेल तर 2 करिंथ 8 घ्या, जिथे पौल समानतेची गोष्ट करताना त्याच मान्नाचा हवाला देतो.

घरापेक्षा मंडळीचा साठा जास्त कामाचा. मिझोराममधल्या मंडळ्यांत बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ वेगळा काढतात आणि तो देवाच्या कामाला जातो. ही प्रथा तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे चाळीस कुटुंबांनी रोज एक मूठ, साधारण 50 ग्रॅम, काढली तर महिन्याला 60 किलो होतात. म्हणजे दर महिन्याला तुमच्यासारख्या एका घराचं महिनाभराचं धान्य. वही एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, आणि तीन महिन्यांनी मंडळीपुढे मोजणी. ही मोजणी चुकवली की वर्षाच्या आत भांडण लागतं, कितीही पवित्र लोक असोत.

आता तलवार. लूक 22:36 मध्ये प्रभू पिशवी, झोळी आणि तलवार एका दमात सांगतो. हे वाटसरूचं सामान आहे. मूळ ग्रीक शब्द मखैरा, म्हणजे आखूड तलवार किंवा मोठा सुरा. जुन्या ग्रीक भाषांतरात अब्राहामाच्या हातातल्या सुऱ्यालाही हाच शब्द आहे. शिष्य म्हणाले दोन आहेत, प्रभू म्हणाला पुरे. अकरा माणसांना दोन तलवारी पुरतात ते कुठल्या लढाईला? त्याच रात्री पेत्राने त्यातली एक चालवली, महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान गेला, आणि प्रभूने तो बरा करून पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली. तुमच्या भावाला सांगा, 36 वं वचन वाचलंस तसं 51 वंही वाच. दुसऱ्या टोकाला जाऊन 'दुसरा गाल पुढे कर' या वचनाने बायकोमुलांवरचा हल्ला बघत बसणंही त्यात नाही. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर थप्पड उलट्या हाताची होते. तो अपमान आहे, जीवघेणा वार नाही. अपमान गिळा. मुलाच्या गळ्यावर सुरी असेल तर तो वेगळा प्रश्न आहे.

त्या वेगळ्या प्रश्नावर मंडळीच्या इतिहासात एकमत नाही. खासगी माणसाने स्वतःचा जीव वाचवायला दुसऱ्याचा घ्यावा हे ऑगस्टीनला पटत नव्हतं. थॉमस अक्विनासने म्हटलं की हेतू स्वतःला वाचवण्याचा असेल आणि बळ गरजेपुरतंच असेल तर दोष नाही. मेनोनाइट या शांतिवादी ख्रिस्ती परंपरेने हत्यार पूर्ण नाकारलं. 1569 साली डर्क विलेम्स नावाचा हॉलंडमधला विश्वासी श्रद्धेपायी भोगलेल्या कैदेतून पळताना मागे वळला आणि बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या पाठलाग करणाऱ्याला त्याने बाहेर काढलं, आणि त्यापायी पकडला जाऊन जाळला गेला. त्या वाटेचा मला आदर आहे. पण ती माणूस स्वतःच्या जिवाबद्दल निवडू शकतो, शेजारच्या खोलीत झोपलेल्या पोराच्या वतीने नाही. मी अक्विनासच्या बाजूचा.

निर्गम 22:2-3 बघा. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर रक्तदोष नाही; सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. अंधारात तो काय करायला आलाय कळत नाही, उजेडात कळतं आणि हाकही मारता येते. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 41 वाचा: मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंत मुभा आहे ती जबरी चोरी, आग लावणं अशा मोजक्या प्रसंगी, आणि घरफोडीत फक्त सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी. दोन्हीकडे मोजमाप सूर्याचंच. त्याच्या जोडीला कलम 37: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. चोर पाठ फिरवून पळाला, धरून बांधला, जमिनीवर पडला, की त्यानंतरची प्रत्येक काठी हा गुन्हा आहे. आणि रोम 12 प्रमाणे सूडही.

म्हणून पैसा आणि कष्ट हत्यारात घालण्याऐवजी दारात घाला. बहुतेक कडी-कोयंडे पाऊण इंची स्क्रूवर असतात, एका लाथेत चौकटीतून निघतात. अडीच-तीन इंची स्क्रू मारा किंवा आरपार बोल्ट-नट बसवा, आतून लाकडी अडसर लावा. कापूस विकल्याची रोकड घरात ठेवू नका. कापसाच्या हंगामात चोरालाही बाजारभाव तुमच्याइतकाच माहीत असतो. कुत्रा पाळा. टॉर्च उशाशी. गल्लीत एक खूण ठरवा: तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्या घरांचे दिवे लागतील, सगळे दारातूनच ओरडतील, एकजण 112 लावेल. अंधारात बाहेर धावायचं नाही, आपलीच माणसं एकमेकांना बडवतात. काठी बांबूची, खांद्याएवढी, अंतर ठेवायला. ढकलायची छातीला, मारायची पायावर. डोक्यात नाही. डोक्यातली एक काठी माणूस मारते. मिरचीपूड बंद खोलीत उधळू नका, आधी तुमचीच पोरं आंधळी होतील.

शेतात रानडुकरांसाठी कुंपणात सरळ लाइनचा करंट सोडतात त्याबद्दलही लिहितो, कारण विश्वासी शेतकरीही हे करतात. अनुवाद 22:8 मध्ये नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधायला सांगितलंय, कोणी पडून घरावर रक्तदोष येऊ नये म्हणून. रात्री लघवीला गेलेला सालदार 230 व्होल्टला चिकटला तर तो दोष तुमच्या शेतावर येतो. झटका मशीन घ्या. त्याचा धक्का सेकंदाला एक, क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरतं, चिकटत नाही. दर महिन्याला तारेवर वाढलेलं गवत काढा, नाहीतर करंट जमिनीत जातो आणि लोक 'मशीन चालत नाही' म्हणून पुन्हा आकडा टाकतात.

सगळ्यात अवघड भाग चोराचा नाहीच, भीतीचा आहे. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मोबाइलवर अफवा फिरत होती आणि मारणाऱ्यांना आपण मुलांचा बचाव करतोय असंच वाटत होतं. तेव्हा मंडळीत नियम करा: अनोळखी माणूस दिसला तर बसवा, पाणी द्या, पोलीस पाटलाला बोलवा, 112 लावा, आणि तो पोलिसांच्या ताब्यात जाईपर्यंत दोन वडीलधारे त्याच्या शेजारी उभे राहतील. गर्दी जमली तर त्या दोघांचं काम माणसाला वाचवणं आहे, चौकशी करणं नाही.

उपासनेवरच जमाव आला तर तिथे काठीही नको. चोर आणि छळ करणारा यांच्यात फरक आहे. मत्तय 10:23 प्रमाणे निघून जाणं हा भ्याडपणा नाही, पौल टोपलीतून उतरून पळाला होता. मागचं दार उघडं, लहान मुलं आधी, एकजण चित्रीकरण करेल, मग तक्रार. धार्मिक सभेत व्यत्यय आणणं हा न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे. पौलाने कैसराकडे दाद मागितली, तर तुम्हाला पोलीस ठाण्यात जायला लाज कसली?

उरला तुमचा भाऊ. नऊ इंचांहून लांब पात्याचं, शेती किंवा घरकामाचं नसलेलं हत्यार विनापरवाना ठेवल्यास आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. कोयता-कुऱ्हाड शेतीची अवजारं म्हणून चालतात, तीही मिरवायची नाहीत. तलवार नाल्यात फेकू नका, पुरू नका, दुसऱ्याला देऊ नका. आधी वकिलाला विचारा, मग पोलीस पाटलाला सोबत घेऊन ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. भाऊ तापट असेल तर काठीही त्याच्या हाती देऊ नका. शिट्टी त्याच्या गळ्यात बांधा, 112 लावायचं काम त्याच्याकडे ठेवा, आणि दाराशी वडिलांना उभं राहू द्या.